वेड पांघरून पेडगावला कोण निघालंय?

मी पेडगावचा. परभणीचं पेडगाव. परभणीहून गाडी मनमाडकडे निघाली की लागतं ते. श्रीगोंद्याचं, बहादूरगडाचं पेडगाव वेगळं. त्याला किल्ला आहे, इतिहास आहे. आमच्या पेडगावाला रेल्वेचं स्टेशन आहे आणि गावकुसाबाहेर आम्ही आहोत. दोन्ही पेडगावांना मराठी भाषेनं मिळून एकच वाक्प्रचार दिला : वेड पांघरून पेडगावला जाणे. सगळं कळत असून न कळल्याचं सोंग आणणे. मास्तर हा वाक्प्रचार शिकवायचे तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडं बघून दात काढायचा.

आता दात काढायची पाळी माझी. कारण आज जगातल्या बलाढ्य कंपन्या, दिल्लीचं सरकार, कायद्याचे पंडित, सगळे वेड पांघरून माझ्याच गावाच्या वाटेला लागलेत. विषय साधा आहे. इंटरनेटवर माणसाचं नाव टाकलं की त्याचा जुना चिखल वर येतो. तो चिखल शोधातून काढायचा हक्क कुणाला? हे विचारलं की कंपनी म्हणते, आम्ही लिहिलेलं नाही, आम्ही फक्त दाखवतो. सरकार म्हणतं, कायदा केलाय, थोडी वाट बघा. कोर्ट म्हणतं, हक्क आहे बहुतेक, पण प्रकरणागणिक बघू. आणि आम्ही? आमचं नाव तिथंच लटकलेलं.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढं कळेल.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दगडं पडली. ३ जानेवारीला प्रकाश आंबेडकरांनी महाराष्ट्र बंदची हाक दिली. पोरगं एकोणीस वर्षांचं. रस्त्यावर आलं. का येणार नाही? पोलिसांनी पन्नास जणांत त्यालाही ओढला, गुन्हा टाकला. एका बातमीवाल्यानं आपल्या पानावर आरोपींची यादी छापली, गाव, वय, पूर्ण नावासकट. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं की कोरेगाव भीमाच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले. याचाही गुन्हा पुढं निघाला. पेढे वाटले मावशीनं.

मग पोरगं पुण्याला गेलं नोकरीला. मुलाखत झाली, कागद झाले, सोमवारी या म्हणाले. सोमवार यायच्या आधी तिथल्या बाईंनी त्याचं नाव शोधात टाकलं. पहिलीच ओळ : दंगलीतील आरोपी. सोमवार काही आला नाही. मला फोन केला त्यानं.

"दादा, केस तर मिटली ना? मंग हे कामून दिसायलंय?"

मी काय सांगू? सरकारनं केस मागं घेतली. नाव मागं घ्यायचं कुणी?

त्यानं शोधयंत्राच्या कंपनीला अर्ज केला. इंग्रजीतला फॉर्म, मी भरून दिला. उत्तर आलं, तेही इंग्रजीत : सदर मजकूर जनहिताचा दिसतो, मूळ पानाच्या मालकाशी संपर्क साधा. बातमीवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, पान जुनं आहे, पासवर्ड सापडत नाही. म्हणजे छापणारा हरवला, छापलेलं हरवत नाही.

दोस्तांनो, यंत्र समजून घ्या. कारण यंत्राला देव मानणं ही ब्राह्मण्याचीच नवी तऱ्हा आहे. शोधयंत्र म्हणजे सूची. पुस्तकाच्या शेवटी असते तशी. त्याचे नोकर-प्रोग्राम रात्रंदिवस पानं वाचत हिंडतात, कुठलं नाव कुठं आलं त्याची नोंद ठेवतात. तुम्ही नाव टाकलं की नोंदी पुढं येतात. कुठली पहिली, कुठली पन्नासावी, ते कंपनी ठरवते. 'आम्ही फक्त दाखवतो' ही थाप इथंच उघडी पडते. गावात हजार गोष्टी घडतात. चावडीवर पहिली कुठली वाचायची ते पाटील ठरवतो. आणि मग म्हणतो, मी कुठं काय केलं, मी तर वाचून दाखवलं!

म्हणून दोन कामं वेगळी धरा. मूळ पान पुसणं एक. सूचीतून नोंद काढणं दुसरं. सूचीतून नोंद निघाली तरी पान जिवंत राहतं. ज्याला पत्ता ठाऊक आहे तो जाऊन वाचतो. फक्त तुमच्या नावाच्या मागं ते कुत्र्यासारखं फिरत नाही. आम्ही मागतोय ते एवढंच.

आणि ही सूची आम्हाला नवी आहे काय? १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमाती कायदा आणला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, किती नावं घ्यावीत. पोर जन्मली की गुन्हेगार. हजेरीचं रजिस्टर, अंगठा, पास. १९५२ साली कायदा रद्द झाला. माणसं कागदावर विमुक्त झाली. पण रजिस्टर पोलिसाच्या डोक्यात राहिलं. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि त्याच रजिस्टरला नवं पुठ्ठं चढलं. आजही गावात चोरी झाली की पहिली जीप पालाकडंच वळते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा कुठं तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा असं सांगावं लागलं. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर! तुरुंगातला रकाना काढायला एवढा वेळ. इंटरनेटवर तर रकानाच नाही. आडनाव हाच रकाना. नाव, आडनाव, गाव आणि पुढं 'आरोपी'. कंपनीतल्या बाईंना आणखी काय पाहिजे?

आता बघा, विसरायला लावायचा हक्क कुणाला मिळतो.

स्पेनमधला एक गृहस्थ, मारिओ कोस्तेखा गोन्साळेस. १९९८ साली बार्सिलोनाच्या पेपरात त्याच्या थकबाकीपायी घर लिलावात काढल्याची जाहिरात आली. बाकी फिटली, पण गुगलवर नाव टाकलं की जाहिरात हजर. माणूस भांडला. १३ मे २०१४ ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं : छापलं ते कायदेशीर असेल, तरीही नावाच्या शोधातून ते काढायची जबाबदारी शोधयंत्राची आहे, मात्र माणूस सार्वजनिक जीवनात असेल तर लोकांचा जाणण्याचा हक्क आधी. युरोपच्या माणसासाठी गुगलनं वेगळा अर्ज काढला. म्हणजे यंत्राला हे जमतं! बार्सिलोनासाठी जमतं, परभणीसाठी जमत नाही. सोंग कशाला म्हणतात ते हेच.

इकडं २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पेपरांनी अग्रलेख लिहिले. मग कुणाकुणाची दारं उघडली? २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्ली हायकोर्टानं अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या एका निर्दोष सुटलेल्या गृहस्थाचा निकाल शोधातून काढायला सांगितलं. बरं झालं, निर्दोष होता तो. २०२४ च्या फेब्रुवारीत मद्रास हायकोर्टानं असाच दुसरा निकाल संकेतस्थळावरून उतरवायला सांगितला, आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. मुद्दा एवढाच : जो हायकोर्टाच्या पायऱ्या चढू शकतो त्याच्यासाठी विसराचा दरवाजा किलकिला. माझ्या मावसभावाला तारखेला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. हायकोर्टाच्या वकिलाची फी ऐकून मावशी म्हणाली, "एवढ्यात तर घर होतं रे."

आता दिल्लीचा कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. नाव ऐकून वाटतं आपल्याला छत्री मिळाली. उघडून बघा. कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करायचा, पुसून टाकायचा हक्क आहे. पण कलम ३ आधीच सांगून मोकळं होतं : कायद्याच्या बंधनामुळं कुणी जी माहिती जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. झाला बंदोबस्त! सुप्रीम कोर्टानं ७ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाका. आरोपीला आपल्यावर काय लावलंय ते कळावं म्हणून. हेतू चांगला. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, पोक्सो असले नाजूक गुन्हे वगळायला सांगितले. त्या यादीत अ‍ॅट्रॉसिटीचं नाव घेतलेलं नव्हतं. अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीत फिर्यादीची जात लिहावीच लागते. बातमीदार तिथूनच उचलतो. मग फिर्याद देणारी बाई शहरात खोली बघायला जाते, घरमालक नाव टाकतो, आणि म्हणतो, "नको बाबा, ही अ‍ॅट्रॉसिटी टाकते." मार तिनं खाल्ला. डाग तिलाच.

आणखी ऐका. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम निघाले. माणसाला जे हक्क, पुसून टाकायचा हक्क धरून, ते १८ महिन्यांनी लागू होतील असं अधिसूचनेत लिहिलं. पण त्याच कायद्यातल्या कलम ४४(३) नं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) कापून टाकलं, ते मात्र लगेच लागू! आधी त्या कलमात होतं की खाजगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं दिसलं पाहिजे, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नाही. ते सगळं गेलं. उरलं काय? 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की मिळणार नाही. जनहिताचं कलम ८(२) अजून आहे म्हणतात. ते वापरायचं की नाही ते साहेब ठरवणार. रेशनच्या यादीत बोगस नावं कुणाची? वैयक्तिक. घरकुलाचे पैसे कुणाच्या खात्यात? वैयक्तिक. अधिकाऱ्यावरच्या चौकशीचा अहवाल? वैयक्तिक हो!

कळलं ना? आमचा विसरायचा हक्क १८ महिने उधार. साहेबाचा पडदा रोख.

हे या राज्यात पहिल्यांदा होत नाही. पुसणं इथं नेहमी वरच्यांच्या सोयीनं झालंय. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटवला. नांदेडच्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. ते नाव कुठल्या शोधात वर येतं? घाला आज रात्री, बघा. आणि १९९५ ला युतीचं सरकार आल्यावर मराठवाड्यातल्या अ‍ॅट्रॉसिटीच्या हजाराहून जास्त केसेस मागं घेतल्या. त्यातल्या मारेकऱ्यांना कुठल्याही अर्जात नाव टाकावं लागलं नाही, कुठल्या कंपनीच्या पाया पडावं लागलं नाही. सरकारनंच पाटी पुसून दिली.

म्हणून विसराच्या हक्काचं नाव काढलं की आपल्यातलीही शहाणी माणसं दचकतात. म्हणतात, हा हक्क मागू नका, उद्या खुनीच तो वापरेल. भीती खरी आहे. माझ्याच जिल्ह्यात बघा. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचं शिक्षण घेणारा वडार समाजातला तरुण, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. ४ जुलै २०२५ ला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला; सरकार त्याविरुद्ध वर गेलं आणि ३० जुलैला सुप्रीम कोर्टात हरलं. आता सांगा, उद्या कुणी वर्दीवाला अर्ज घेऊन आला की माझी बदनामी होते, हे हुकूम माझ्या नावाच्या शोधातून काढा, तर? काढायचं नाही. एक ओळ नाही. उद्या तो निर्दोष सुटला तर सुटल्याची बातमी तितक्याच ठळक जोडा. पण कोठडीत माणूस मेला ही गोष्ट खाजगी नाही. वर्दी खाजगी नसते.

आणि त्याच दिवसांत धरलेली पोरं? ज्यांच्यावर काहीच शाबीत होत नाही, त्यांची नावं आयुष्यभर 'दंगलखोर' म्हणून का फिरवायची? दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणारा एक तर मूर्ख किंवा पेडगावला निघालेला.

आता थोबाडीत आपल्याही. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी, दोन मुलगे संपवले. पेपरवाले झोपलेले. तेव्हा प्रेतांचे फोटो हातोहात फिरले, पोस्टरं झाली, महाराष्ट्र उठला. ते फोटो नसते तर केस दाबली असती, हे खरं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० ला नागपूर खंडपीठानं ती जन्मठेपेवर आणली, आणि अ‍ॅट्रॉसिटीचं कलम खालीही टिकलं नाही, वरही नाही. कोर्टानं जात पुसली. आणि आपण? आपण त्या मुलीचं उघडं प्रेत इंटरनेटवर सोडून दिलं. वर्षामागून वर्षं. जो तो आपली निष्ठा दाखवायला ते पुन्हा चिकटवतो. अरे, तिच्या बापाला ते किती वेळा बघावं लागलं असेल याचा हिशोब केला का? भैय्यालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापणं दंड संहितेच्या कलम २२८-अ नं गुन्हा होतं, आज न्याय संहितेच्या कलम ७२ नं आहे. ११ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती मेली तरी नाव छापायचं नाही. आपण म्हणतो, आमच्या बाईला नाव मिळालं पाहिजे, दिल्लीच्या बाईसारखं. मिळू द्या. पण घरच्यांना विचारून. गुन्हा लक्षात ठेवायला तिचं अंग कशाला पाहिजे? गावाचं नाव पुरे. तारीख पुरे. मारणाऱ्यांची नावं पुरेत.

म्हणून तराजू हातात घ्या. दोनच पारडी. ज्यानं सत्ता वापरली, मग ती खुर्चीची, वर्दीची, पैशाची किंवा जातीची, त्यानं त्या सत्तेतून केलेलं कृत्य शोधातून निघणार नाही. ज्याच्या अंगावर ती सत्ता चालली, त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याची जात शोधात ठेवायची की काढायची, हे तो ठरवेल. त्याला आठवण पाहिजे तर आठवण. विसर पाहिजे तर विसर. जखम ज्याची, खपली त्याची.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. रात्री चोरून फाडली नाही. अध्यक्ष, ठराव, सभा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जगाला कळावं म्हणून जाळली. आणि जाळल्याची नोंद आपण जपली. पुसायची आपली रीत ही. त्यांची रीत बंद खोलीतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली सरकार पानं बंद करतं, आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की हे सगळं गुप्त ठेवा. काय पुसलं तेच पुसायचं!

तेव्हा मागण्या लिहून घ्या.

केस मागं घेतली, माणूस निर्दोष सुटला, की सरकारनंच ते शोधयंत्रांना आणि बातमीवाल्यांना कळवावं. माणसानं दारोदार हिंडायचं नाही. फॉर्म मराठीत पाहिजे, उत्तरही मराठीत, कारणासकट. अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीचं नाव आणि जात वेबसाइटवर टाकायची बंद करा. पुसायचा हक्क आजच लागू करा आणि माहिती अधिकाराचं कापलेलं कलम परत जोडा. जो सत्तेत आहे किंवा होता, त्यानं काढायला लावलेल्या प्रत्येक दुव्याची यादी चौकात लावा.

आणि मागण्या मान्य होईस्तोवर हातावर हात ठेवून बसू नका. वस्तीत जो एक पोरगा इंग्रजी वाचतो त्यानं हे काम अंगावर घ्यावं. आधी पानाचा पूर्ण पत्ता लिहून ठेवा, तारखेसह स्क्रीनशॉट काढा. पुरावा हातात नसताना काही पुसायला सांगू नका. मग बातमीवाल्याला लेखी कळवा, कोर्टाच्या हुकमाची प्रत जोडा : नाव काढ, नाहीतर सुटल्याची बातमी त्याच पानावर वर टाक. पान बदललं तरी शोधात जुनं दिसत असेल तर जुना मजकूर काढायचा अर्ज गुगलकडं वेगळा असतो, तो भरा. कुणा पोरीचा उघडा फोटो कुणी टाकला असेल तर थांबू नका. २०२१ च्या आयटी नियमांनी त्यासाठी चोवीस तासांची मुदत घातली, नंतरचं सरकणं खालीच व्हायला पाहिजे, वर नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं हात वर केले तर २०२३ मध्ये केंद्रानं नेमलेल्या तक्रार अपील समितीकडं तीस दिवसांत जाता येतं. तिथं वकील लागत नाही.

मावसभावाचं काय झालं विचाराल. बातमीवाल्याला पासवर्ड सापडला. आम्ही वस्तीतली सात-आठ पोरं त्याच्या दुकानापुढं जाऊन नुसती बसलो, तेव्हा सापडला. पान अजून आहे. बंदची बातमी आहे, लाठीमाराची आहे, तारीख आहे. त्याचं नाव तेवढं नाही. ते त्याला पाहिजे तेव्हा तो स्वतः लिहील. मी लिहिणार नाही.

वेड पांघरून ज्यांना यायचं त्यांनी खुशाल पेडगावला या. स्टेशनवर आम्ही उभे आहोत. पांघरूण ओढायला.

जय भीम!